दामाजी बसतो

दामाजी भोईर बसतो, अशी कुजबूज अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर कोपर गावात सुरू झाली. 'बसतो' म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. माणूस खुर्चीवर बसो, ओट्यावर बसो, नाहीतर भावाच्या जमिनीवर बसो, त्याला कुणी हरकत घेत नाही. पण नुसतंच 'बसतो' म्हटलं की ठाण्यापासून कल्याणपर्यंत ऐकणाऱ्याला बाटली दिसते, शेंगदाण्याची पुडी दिसते आणि आतून लावलेली कडी दिसते.

बातमी फोडली मनुबाईने. डोंबिवली पश्चिमेच्या बाजारात तिची मासळीची पाटी असायची. बांगडा साफ करता करता ती गिऱ्हाइकाला गावाचा पंचनामा सांगायची, आणि बांगड्यापेक्षा पंचनामा जास्त साफ असायचा.

"दर आयतवारी लोकल पकरून इठ्ठलवारीला जातो तो, जावयाकरं," ती म्हणाली. "पिशवीन पेपरात गुंडाललेला कायतरी अस्ता. आत शिरला का दार बंद, खिरकी बंद. संध्याकाली परत येतो तवा डोले बघा त्याचे, लाल! न कोनाशी बोलत नाय."

"जावयाबरोबर बसतो?"

"मंग! सासरा-जावई समोरासमोर. कलियुग हाय बाय, कलियुग. सुरमई देऊ का?"

खरं सांगायचं तर गावाला या बातमीचं दुःख झालं नाही. पोटभर आनंद झाला. कारण दामाजी म्हणजे कुणी साधा माणूस नव्हे. अख्ख्या पंचक्रोशीतल्या मुलांची व्यसनं मोजण्यात ज्याची हयात गेली, तो हा दामाजी.

भोईरांची खाडीकाठी मिठागरं होती, थोडी भाताची खाचरं होती. दामाजी शाळेत होता तोवर त्याला मिठागर बरं वाटायचं, आणि मिठागरावर गेला तेव्हा शाळा बरी वाटायला लागली. पुढे मीठ गेलं, खाचरं गेली आणि त्यांच्या जागी चाळ उभी राहिली. तिला त्याने बायकोचं नाव दिलं, 'आवडाबाई निवास'. मानपाड्याकडे कारखाने वाढत होते. देशभरातून माणसं हातात वळकटी घेऊन डोंबिवलीला उतरत होती, आणि त्यातली निम्मी तरी दामाजीच्या दारात उभी राहत होती.

दामाजी भाडेकरूला नाव विचारत नसे. नोकरी विचारत नसे. तो एकच विचारायचा, "कोन गावचा रं तू?"

गाव कळलं की व्यसन कळलं, असा त्याचा सिद्धांत होता. सरकारने या देशाचे भाषेवरून तुकडे पाडले ही त्याच्या मते सरकारची चूक. व्यसनावरून पाडले असते तर सीमेचे तंटेच झाले नसते.

आणि या सिद्धांतामागे व्याकरण होतं. आपल्या भाषेत व्यसनाला नाम लागतच नाही, नुसत्या क्रियापदावर भागतं. तो घेतो. तो ओढतो. तो लावतो. काय घेतो आणि काय ओढतो असं विचारणारा भोळा ठरतो. पण गंमत अशी की गाव बदललं की क्रियापद तेच राहतं आणि व्यसन बदलतं. कल्याणात 'लावतो' म्हणजे आकडा लावतो. कसारा ओलांडून खानदेशात गेलात की 'लावते' म्हणजे म्हातारी दाताला मिश्री लावते. 'खातो' म्हणाल तर नागपूरकडे खर्रा, आणि सरकारी कचेरीच्या दारात काय, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. कोल्हापूरच्या एका मुलाबद्दल 'लई उडवतो' असं कानावर आलं म्हणून इथल्या एका बापाने ठरलेलं लग्न मोडायला घेतलं होतं. दामाजीने खोदून काढलं की मुलगा पैसे नाही, कबुतरं उडवतो. बाप खूश. पण दामाजीने तरीही नकारच द्यायला लावला. म्हणाला, "पैसं उडवनारा पैसं संपलं का थांबतो. कबुतरवाला मरेपरेंत वरच बघतो. तुमच्या पोरीकरं कवा बघनार?"

चाळीत त्याला अभ्यासाला भरपूर सामग्री होती. गुहागरचा एक जण होता, तो 'जायचा'. कुठे? तारखेला. चुलतभावाच्या न्हाणीचं पाणी कुणाच्या हद्दीतून वाहतं यावर त्यांचा दावा चालू होता. रजा संपल्या, न्हाणी पडली, चुलतभाऊ वारला, पण पाणी वाहत राहिलं. काठेवाडी जोडपं वर्षभर देवासारखं राहायचं आणि श्रावण लागला की पत्ते काढायचं. त्यांच्याकडे ते पुण्यकर्म. केरळचा फिटर सकाळी मोठ्याने पेपर 'वाचायचा', त्याचा परिणाम असा झाला की चाळीत भाडेवाढीविरुद्ध युनियन निघाली. पुण्याहून आलेल्या भाडेकरूने युनियनमध्ये भाग घेतला नाही. त्याने भाडेवाढीच्या चिठ्ठीतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून चिठ्ठी परत पाठवली आणि जुनंच भाडं देत राहिला. खुद्द डोंबिवलीकरांचं व्यसन म्हणजे मंडळ. दोघं भेटले की अध्यक्ष आणि चिटणीस, तिसरा आला की राजीनामा.

आता सिद्धांत म्हटला की त्याला कुठेतरी ठिगळ लागतंच. जिन्याच्या कोपऱ्यात लाल पिचकाऱ्या दिसायला लागल्या तेव्हा दामाजीने पहिल्या मजल्यावरच्या जौनपूरच्या सुताराला धारेवर धरलं. तो बिचारा पान खाऊन गॅलरीतून खाली जाऊन मोरीत थुंकायचा. पाळत ठेवल्यावर पकडला गेला तो न्हाणीवाला गुहागरकर, आणि त्याला थुंकायला शिकवणारा निघाला दामाजीचाच धाकटा भाऊ रघु. दामाजी जराही डगमगला नाही. म्हणाला, "गुहागरवाला चालीत येऊन बिघरला. गावाकरं असा नव्हता."

"आणि आगऱ्यांचं काय हो, दामाजीशेठ?" असं कुणी खोडसाळपणे विचारलंच, तर तो छाती काढून सांगायचा, "आमच्यान व्यसन नाय. आमच्यान हलद अस्ते."

हे मात्र शब्दशः खरं. कोपरच्या हळदीला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी लग्नाला उभा राहू शकत नाही, म्हणून लग्नाला वेगळे पाहुणे बोलवावे लागतात.

तर अशा या माणसाकडे मुलींचे बाप चौकशीला येत. 'मुलगा निर्व्यसनी' असं स्थळाच्या कागदावर लिहिलेलं असे. दामाजी ते वाचून म्हणे, "निर्व्यसनी म्हंजे बापाला म्हाईत नाय." मग तो मुलाच्या वस्तीत जाई, इस्त्रीवाल्यापाशी उभा राही, गाव विचारी, क्रियापद विचारी आणि परत येऊन निकाल सांगी. त्याच्या बदल्यात त्याला काही नको असे. लग्नात पहिल्या रांगेत खुर्ची आणि खांद्यावर शाल, बस. किती लग्नं त्याने जुळवली ठाऊक नाही. मोडली ती लोकांना पाठ होती.

आणि मग त्याची स्वतःची मुलगी लग्नाला उभी राहिली.

तुळसा बी.कॉम. झाली होती. डोंबिवलीत टायपिंगच्या क्लासला जायची. तिथे शेजारच्या मशीनवर उत्तम बिराजदार बसायचा. लातूरकडचा, औशाजवळच्या खेड्यातला, एका सरकारी खात्यात कारकून, विठ्ठलवाडीला चार मुलांत एक खोली करून राहणारा. टायपिंगच्या खडखडाटात बोललेलं तिसऱ्याला ऐकू जात नाही, ही सोय तरुण मुलांच्या फार लवकर लक्षात येते. एके दिवशी तुळसाने घरी सरळ सांगितलं, "आप्पा, मला उत्तमशीच लग्न करायचंय."

दामाजी पेचात पडला. मुलगा आगरी नव्हता. पण जात काढायची सोय नव्हती, कारण गेल्याच गणपतीत त्याने मंडपातल्या माइकवरून 'जातपात गाडून टाका' असं भाषण ठोकलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. जात काढता येत नाही म्हटल्यावर सभ्य माणसाला एकच मार्ग उरतो. व्यसन काढायचं.

"मी चौकशी करनार," तो म्हणाला.

तुळसा बापाला ओळखून होती. "कर. व्यसन सापडलं तर मी त्याचं नाव टाकीन. नाही सापडलं तर तू हो म्हणायचं. नंतर मागे फिरायचं नाही."

"बोल्लो."

"आई, ऐकलंस ना?"

"आयकला," आवडाबाई आतून म्हणाली. "दोघांचाबी आयकला."

म्हणजे मुलीचं सगळं आयुष्य आता दामाजीच्या एका फेरीवर येऊन टांगलं होतं. तो धुतलेलं धोतर नेसून विठ्ठलवाडीला गेला. उत्तमच्या शेजारच्या खोलीत धोंडीबा नावाचा पेन्शनीत निघालेला शिपाई राहायचा, तोही औशाकडचाच. गाववाला भेटला म्हणजे देवच पावला असं दामाजीला वाटलं. दोघांनी तंबाखू मळली.

"उत्तम बिराजदार कसा हाय पोरगा?"

"लई गुणाचं लेकरू."

हे सगळेच म्हणतात. दामाजीने इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "बसतो का?"

धोंडीबाचा चेहरा फुलला. "बसतो म्हंजे? चार वर्सं झालं बसायलाय की! एक खेप चुकू दिली न्हाई."

दामाजीच्या हातातली तंबाखू सांडली. एवढ्या उघडपणे? "कवाकवा बसतो?"

"त्येला काय येळ काळ न्हाई बघा. निघाली की बसला."

'निघाली' म्हणजे काय हे दामाजीला शिकवायला नको होतं. खाडीच्या कडेला, तिवरांच्या आड, भट्टीतून पहिल्या धारेची निघते तेव्हा आमच्याकडे हाच शब्द वापरतात.

"एकला बसतो?"

"छ्या! खोलीतली चौघंबी संगंच बसत्यात. आदुगर म्हैनाभर दिवा इझत न्हाई खोलीतला. डोळं ह्ये असं लाल! एकदा तर उत्तम चक्कर यिऊन जिन्यात पडला, म्याच उचलला."

"न बापाला म्हाईत हाय?"

"म्हाईत? बापच म्हन्तो, रान इकीन, पन तू बस!"

दामाजी आणखी पुढे सरकला. "बापसुदिक बसायचा काय?"

"बसला व्हता की. पयल्याच खेपंला आडवा झाला, मग सोडून दिलं. थोरला भाऊ मातर चिवट हं. बसून बसून फौजदार झाला."

हे शेवटचं ऐकून दामाजीला फारसं नवल वाटलं नाही.

घरी येऊन त्याने पायसुद्धा धुतले नाहीत. "बसतो," तो म्हणाला. "एकला नाय, सगला खानदान बसता. बाप बसला, भाव बसला. तिकरं लहान पोरांना बसवत असतील."

तुळसा कोपरचीच मुलगी. तिच्या कानांनाही त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता. आपला शब्द तिने पाळला. दुसऱ्या दिवसापासून टायपिंगला गेली नाही. घरात ती धुणं धुवायची, भाकऱ्या थापायची, सगळं करायची, फक्त बापाशी बोलायची नाही आणि जेवायला सगळ्यांच्या नंतर बसायची. दामाजीची चौकशी आजवर इतकी यशस्वी झाली नव्हती, आणि आजवर इतकं बेचवही त्याला कधी लागलं नव्हतं.

पंधरवड्याने उत्तम स्वतःच दारात उभा राहिला. बारीक अंगाचा, चष्मा लावलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं.

"काका, माझं काय चुकलं ते तरी सांगा."

"तू बसतोस," दामाजी म्हणाला. "नाय बोलू नको. मना सगला कललाय."

"बसतो," उत्तम म्हणाला. "त्यात लपवायचं काय आहे?"

दामाजीने बायकोकडे पाहिलं. बघ, लाजसुद्धा नाही. आवडाबाई पदराला हात पुसत पुढे आली. तिला तो मुलगा आवडला होता, ही तिची अडचण होती.

"कशाला बसतोस रं पोरा? सोर की. चांगली नोकरी हाय तुला."

"सोडणारच आहे, मावशी. तसंही माझं वय संपत आलंय. आता शेवटचं एकदा बसतो, मग नाही."

"सगले ह्याच बोलतान," आवडाबाई कळवळून म्हणाली. "माजा भाव पन बोलायचा, शेवटचा एकदा. तसाच गेला."

"कुठे पोस्टिंग झालं त्यांचं?" उत्तमने आदराने विचारलं.

कुणालाच काही कळेना. शेवटी उत्तमच म्हणाला, "या वेळी तयारी चांगली झालीय, मावशी. मागच्या परीक्षेत फक्त इतिहासाने घात केला."

तुळसा आतल्या खोलीतून बाहेर आली. "कुठली परीक्षा?"

"फौजदाराची. टायपिंगला तुला सांगितलं नव्हतं का, मी परीक्षेला बसतो म्हणून?"

"परीक्षेला बसतोस, हे सांगितलं होतंस. नुसता बसतोस, असं नव्हतं सांगितलंस." मग ती बापाकडे वळली. पंधरवड्यातलं पहिलं वाक्य बोलली. "आप्पा, तू धोंडीबांना विचारलंस तरी का, कशाला बसतो ते?"

"बसतो बोलल्यावर कशाला ते कोन विचारता?" दामाजी म्हणाला.

आवडाबाई पदर तोंडात कोंबून जी आत पळाली, ती भांडी पडल्याचे आवाज येईपर्यंत हसत होती.

शब्द म्हणजे शब्द. दामाजी हो म्हणाला. पण गोष्ट इथे मिटली नाही, कारण आता चौकशी उलट्या बाजूने सुरू झाली. औशाहून उत्तमचे वडील आले, धोतर, काळी टोपी, हातात छत्री. त्यांना भोईरांचं घर दाखवलं, चाळ दाखवली, कोळंबीचं कालवण वाढलं. ते माळकरी निघाले म्हणून मग वरणभात वाढला. सगळं बघून झाल्यावर त्यांनी दामाजीला विचारलं, "पाव्हणं, तुम्ही कितवीला बसला व्हता?"

दामाजीला प्रश्न कळायलाच वेळ लागला. त्याच्या गळ्यात सोन्याची साखळी होती. तो प्रश्न त्याला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

"सातवी झाली न मिठागरावर गेलो."

"म्हंजे धाव्वीला बसलाच न्हाई?"

"नाय."

म्हाताऱ्याने छत्री दुसऱ्या हातात घेतली. "नापास असता तर चाललं असतं बघा. म्या सवता नापास हाय. पन मानूस बसला पायजे. आमच्याकडं बसल्याबिगर ऱ्हायलेल्या मान्साला लोक वाया गेलेला म्हन्त्यात. पोरीचा बाप न बसलेला, ह्ये मी गावात कसं सांगू?"

आता, त्यांनाही जातच बोलायची होती की नाही, देव जाणे. पण त्यांच्याही गावात गणपती बसत असणार आणि माइक असणार. तुळसाचा चेहरा उतरला. उत्तम "आण्णा, आण्णा" करत राहिला. म्हातारा हलेना.

एरवी दामाजीने अशा पाहुण्याला खाडीचा रस्ता दाखवला असता. पण पंधरवडाभर न बोलणारी मुलगी त्याने बघितली होती. त्याने व्याह्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला चाळीच्या गच्चीवर नेलं. वर दोघंच होते. काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. खाली आले तेव्हा म्हातारा म्हणाला, "तारीख काढा."

लग्न वैशाखात झालं. हळदीला औशाची मंडळी भिंतीला पाठ लावून बसली होती. कोपरची मंडळी कशालाही पाठ न लावता नाचत होती. औशाकर एकमेकांत म्हणत होते, "काय ही मान्सं!" पहाटे आगरी पाहुणे आडवेतिडवे झोपले आणि त्यांच्यामधून वाट काढत नवरदेवाचे मित्र पुस्तकं घेऊन गच्चीवर गेले, कारण पुढच्या आठवड्यात पेपर होता. ते पाहून रघु म्हणाला, "काय ही मान्सं!" दोन प्रांतांचं पहिलं एकमत झालं ते इथे.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ती कुजबूज उठली. दामाजी बसतो. गावाने ती मनापासून चघळली. ज्यांची लग्नं त्याने मोडली होती ते तर बाजारात मुद्दाम मनुबाईच्या पाटीशी थांबून पुन्हा पहिल्यापासून ऐकत. 'चौकशी करणाऱ्याचीच चौकशी' म्हणून कुणी कुणी विठ्ठलवाडीला जाऊनही आले. बंद दार पाहिलं, आतून जावयाचा चढलेला आवाज ऐकला, सासऱ्याचं कण्हणं ऐकलं. आवडाबाईला विचारलं तर ती म्हणायची, "हव, बसतो. मंग?" आणि हसत आत जायची. दामाजीकडे चौकशीला येणारे बाप हळूहळू कमी झाले. त्याने एकदाही खुलासा केला नाही. पितो असं लोकांनी म्हटलेलं त्याला परवडत होतं.

खरी गोष्ट अशी. गच्चीवर दामाजीने व्याह्याला दहावीला बसायचं कबूल केलं होतं. दर रविवारी तो विठ्ठलवाडीला जावयाकडे अभ्यासाला जात होता, पिशवीत पुस्तकं होती, आणि या वयात धडे गिरवतो हे गावाला कळू नये म्हणून दार बंद होतं. एकोणनव्वदच्या मार्चमध्ये तो सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसला. गणितात आणि इंग्रजीत नापास झाला, पण व्याह्याच्या हिशेबात तो आता बसलेला माणूस होता.